क्लाउडवर टाका म्हणे!

हल्ली एक वाक्य कानावर पडलं की माझं डोकं सटकतं. "अहो, ते सगळं क्लाउडवर टाकून द्या ना!"

हे वाक्य बोलणारा प्राणी साधारण असा असतो. नोकरी हिंजवडी नाहीतर खराडीला. गाव खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर असं कुठलंतरी. दिवाळीला आणि एखाद्या लग्नाला ट्रॅव्हल्सने घरी येणार. काकांचं अडत दुकान असतं, किंवा मामा पतसंस्थेत मॅनेजर असतात, किंवा शेजारी सीएंचं ऑफिस असतं. तिथून विचारणा होते, "काहून रे बावा, थो झेड ड्राइव्ह दिसून नाही राह्यला?" आणि आठवडाभर कुबरनेटीस-बिटीस बोलणारा आमचा हा वीर चहाचा कप खाली न ठेवता सांगून मोकळा होतो : क्लाउडवर टाका.

मंडळी, कामचुकारपणाला इतकं सभ्य नाव दुसरं मिळणार नाही. काकांनी विचारलं होतं ड्राइव्ह का दिसत नाही, आणि याने उत्तर दिलं ते भलत्याच प्रश्नाचं. काकांना वाटतं पोरगं हुशार आहे. पोराला वाटतं काका मागासलेले आहेत. ड्राइव्ह काही दिसत नाही तो नाहीच.

आता हा झेड ड्राइव्ह म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर असतो. त्यावरचं एक फोल्डर 'शेअर' केलेलं असतं. बाहेरच्या तीन-चार मशीनवर तेच फोल्डर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून झेड या नावाने दिसतं. टॅलीचा डेटा तिथे, स्कॅन केलेले सातबारे तिथे, कर्जाचे अर्ज तिथे, लेटरहेडसुद्धा तिथेच. बाहेर बसलेल्या माणसाला ते आपल्याच मशीनमध्ये असल्यासारखं वाटतं. कल्पना चाळीस वर्षं जुनी आहे. १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तिची सुरुवात केली, तिचंच नाव एसएमबी. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ती विंडोज फॉर वर्कग्रुप्समधून साध्या ऑफिसांत पोचवली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने युनिक्सवर हीच भाषा बोलणारं सॉफ्टवेअर लिहिलं. नाव हवं होतं म्हणून त्याने शब्दकोशातून एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शोधले आणि 'सांबा' उचलला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक छोट्या नॅसच्या डब्यांत हाच सांबा बसलेला असतो.

तर इतकी वर्षं टिकलेली ही गोष्ट. पण आपल्या लेखी ती 'लेगसी'. म्हणजे हसण्यावारी न्यायची.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे बघू. तालुके तेरा. जिल्ह्याच्या मुख्य गावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, पण म्हणून खामगावचा माणूस जालन्याला जायचा थांबला नाही. एसटीने गेला. इंटरनेटचंही तसंच आहे. फायबर आलंय, नाही असं नाही. चांगलं चालतंही. पण रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की गेलं. डीपी जळाली की गेलं. आणि ते जातं कधी? नेमकं सोयाबीनच्या हंगामात, बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली असताना. त्या वेळी ऑफिसातला आठ पोर्टचा स्विच इन्व्हर्टरवर चालू असतो आणि झेड ड्राइव्हही चालू असतो. सौदापट्टी निघते, हमाली कापली जाते, शेतकऱ्याला त्याची पट्टी मिळते. हे काम क्लाउडवर असतं तर शेतकऱ्याला काय सांगायचं? "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या"? हे वाक्य त्याने सरकारी ऑफिसात पुरेसं ऐकलंय हो.

थोडा हिशोब करू, आपण इंजिनिअर आहोत म्हणवतो ना. समजा ४० जीबी डेटा आहे. अपलोडचा वेग खरोखरचा १० एमबीपीएस मिळाला, तर तो वर जायला साधारण नऊ तास लागतात. तोच डेटा ऑफिसातल्या ऑफिसात गिगाबिट स्विचवरून सात-आठ मिनिटांत दुसऱ्या मशीनवर जातो, डिस्क बरी असली तर. हा फरक मत बदलल्याने मिटत नाही.

दुसरी गंमत. क्लाउडवर टाका म्हणणाऱ्या दहातले नऊ जण प्रत्यक्षात काय करतात? टॅलीचं डेटा फोल्डर उचलून गुगल ड्राइव्ह नाहीतर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवतात. अरे बाबांनो! टॅलीचा डेटा म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या फायलींचा संच. सिंक करणारं सॉफ्टवेअर त्या एकेक करून वर नेतं. मध्येच नेट गेलं की अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या. दोघांनी दोन मशीनवर एकाच वेळी व्हाउचर टाकलं की दोन आवृत्त्या, आणि खरी कुठली ते देवालाच माहीत. झेड ड्राइव्हवर निदान मूळ फायली एकाच जागी असतात आणि कोणती फाइल कोण वापरतंय हे त्या मशीनला कळतं. टॅली भाड्याच्या सर्व्हरवर चालवायची सोय मिळते, ती वेगळी. तिला दर माणशी दर महिना पैसे आणि न तुटणारं नेट लागतं. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावी. माझं भांडण तिच्याशी नाही.

इथे एक शहाणा हात वर करणार. "पण शेअर्ड ड्राइव्ह धोकादायक असतो. वॉनाक्राय विसरलात का?"

नाही विसरलो. उलट तारखांसकट लक्षात आहे. एसएमबीच्या पहिल्या जुनाट आवृत्तीत भोक होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला ठिगळ दिलं. वॉनाक्राय आला १२ मे २०१७ ला, म्हणजे जवळपास दोन महिन्यांनी. दीडशे देशांत दोन लाखांवर मशीन गेली. त्यानंतरही लोक जागे झाले नाहीत, म्हणून २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला. त्याने तेच भोक वापरलं आणि मर्स्कच्या मार्गाने आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. पुढे मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आला आणि ऑनलाइन सेवा बंद पडल्या. खामगाव, मलकापूर, चिखलीला ज्या महामंडळाच्या पाट्या आपण बघतो, तेच हे महामंडळ. हल्लेखोराला तुम्ही पुण्यात आहात की चिखलीत याने काही फरक पडत नाही. बंदरं आणि महामंडळंही सुटली नाहीत, तर 'नुसतं क्लाउड म्हटलं की सुरक्षित' हे कुणी सांगितलं तुम्हाला?

वॉनाक्रायचा धडा सरळ आहे. जुनी आवृत्ती बंद करा, अपडेट टाका, दार सताड उघडं ठेवू नका. विंडोज १० मध्ये २०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्याने इन्स्टॉल करताना एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीचा सर्व्हरचा भाग आपोआप येत नाही. आणि आमचे हार्डवेअरवाले काय करतात? स्कॅनर जुना आहे म्हणून 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये जाऊन ती शोधून पुन्हा चालू करतात! वर फायरवॉल बंद. वर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद. वर अख्खा डी ड्राइव्ह 'एव्हरीवन, फुल कंट्रोल'. पाचशे रुपये घेतले, ड्राइव्ह दिसला, गिऱ्हाईक खूश.

त्याला मी एकवेळ माफ करीन. त्याला दिवसाला दहा ठिकाणी जायचं असतं आणि 'दिसलं की पैसे' हा त्याचा करार असतो. पण तुम्ही? यूट्यूबवर कुणीतरी दिलेली रजिस्ट्री फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवून "यावर डबल क्लिक करा" म्हणणारे तुम्ही? लाखांत पगार घेता. ऑफिसात कुणी असा बदल न विचारता केला तर तुम्ही त्याचा रिव्ह्यू अडवाल.

हा झेड ड्राइव्ह गेल्या काही काळात इतक्या ठिकाणी का हरवला, त्याचं एक मोठं कारण सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली. तिने प्रो मशीनवर दोन गोष्टी बदलल्या. एक, नेटवर्कवरून ये-जा करणाऱ्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही हवी. दोन, 'गेस्ट' म्हणून बिननावाने आत शिरायची सोय बंद. आता या दोन्हींचा संबंध बघा. सही करायची किल्ली पासवर्डने लॉगिन करताना तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, मग किल्ली कुठली आणि सही कोण करणार? म्हणून जिथे जिथे 'एव्हरीवन'चा कारभार होता, तिथे अपडेटनंतर ड्राइव्ह गायब. विंडोज बिघडलं नाही. ते विचारतंय, "आपण कोण?" आणि आपल्या ऑफिसांकडे याचं उत्तर नाही.

आता पतसंस्थेतलंच उदाहरण घ्या. काउंटरवर पाचशे रुपये काढायचे तरी स्लिप भरावी लागते, सही करावी लागते, ती नमुना सहीशी ताडून बघतात. सही जुळली नाही तर ओळखीच्या गुरुजींनाही परत पाठवतात. आणि त्याच पतसंस्थेची सगळी कागदपत्रं आत, झेड ड्राइव्हवर, बिननावाच्या पाहुण्याला उघडी! तेही लिहायच्या-पुसायच्या अधिकारासकट. मॅनेजर साहेबांना हे असं समजावून सांगितलं की पाच मिनिटांत पटतं, मी बघितलंय. त्यांना एसएमबी कळत नसेल, सहीची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

आणि यात खरं मरण कुणाचं होतं माहीत आहे? ऑपरेटरचं.

जिल्ह्यातल्याच एका ऑफिसातली गोष्ट आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. चार मशीन, सगळीकडे एकच लॉगिन. तोच पासवर्ड ऑपरेटर ताईंना, शिपायाला, साहेबांच्या मुलाला आणि सिझनपुरत्या येणाऱ्या दोन पोरांना माहीत. एके दिवशी वर्षभराच्या स्कॅन केलेल्या पावत्यांचं फोल्डर गायब. कुणी उडवलं? साहेबांनी ठरवलं, ताईंनी. कारण कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त वेळ त्याच बसतात. मला डेटा परत येतो का बघायला बोलावलं होतं. फोल्डर तर आलं नाहीच, पण कुणी उडवलं हेही सांगता येईना. सगळे एकाच नावाने आत येत होते, आणि नोंद ठेवायची सोय कुणी चालू केलीच नव्हती. ताईंनी तीन रविवार बिनपगारी बसून पावत्या पुन्हा स्कॅन केल्या. त्यांनी केलं की नाही हे मला माहीत नाही, आणि कुणालाच कधी कळणार नाही. मुद्दा तोच आहे. निर्दोष असल्याचा पुरावा देण्याची सोयच त्यांना ठेवली नव्हती.

स्वतंत्र नाव आणि पासवर्ड म्हणजे त्रास, असं आपण म्हणतो. त्या ताईंच्या जागी बसून बघा. ते नाव म्हणजे त्यांची सही आहे. 'पावत्यांचं फोल्डर यांनी फक्त वाचायचं' एवढं ठरवलं असतं तर ते त्यांच्याकडून उडालंच नसतं. ऑडिटिंग चालू केलं असतं तर कुणी उडवलं ते नावासकट लिहिलेलं मिळालं असतं. सरकारलाही हे उशिरा का होईना कळलंय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदललं याची नोंद सक्तीची आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे रॅन्समवेअरसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे. लॉगमध्ये सगळीकडे एकच 'अॅडमिन' असेल तर सांभाळून काय लोणचं घालायचं?

तुम्ही म्हणाल, गावाकडच्या लोकांना हे जमणार नाही. हे तर मला सगळ्यात जास्त झोंबतं. एमकेसीएल २००१ साली स्थापन झालं, आणि त्यांच्या एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आज गावोगावच्या घरांत आहे. हेच लोक जीएसटीचं रिटर्न भरतात, ई-वे बिल काढतात, ओटीपीसाठी मालकाच्या मागे लागतात, पोर्टल अडलं की रात्री अकराला पुन्हा बसतात. त्यांना आठ अक्षरांचा पासवर्ड जमणार नाही? जमतं हो. त्यांना 'का' ते कुणी सांगितलेलं नाही. आपण फोनवर फक्त "हे क्लिक करा, ते क्लिक करा" सांगतो, आणि पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा फोन केला की कपाळाला हात लावतो.

बरं, नुसती शिव्यांची लाखोली वाहून थांबत नाही. पुढच्या वेळी गावी गेलात की एवढं करा. चार मशीनच्या ऑफिसाला एक दुपार पुरते.

१. ज्या मशीनवर फोल्डर आहे, तिथे प्रत्येक माणसाचं वेगळं अकाउंट करा, पासवर्डसकट. हंगाम संपला की सिझनच्या पोरांचं अकाउंट बंद. आणि हे मशीन साधं विंडोज असेल तर एका वेळी वीसच जोडण्या चालतात हेही लक्षात असू द्या.

२. अख्खा डी ड्राइव्ह शेअर करू नका, लागेल तेवढंच फोल्डर करा. परवानग्यांची दारं दोन असतात : एक शेअरिंगचं, एक सिक्युरिटी टॅबमधलं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतलं जे जास्त कडक तेच लागू होतं. बहुतेक जण एकच उघडतात आणि मग "अॅक्सेस डिनाइड" म्हणून बोंबलतात.

३. नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का बघा, 'पब्लिक' असेल तर शेअरिंग अडतं. राउटरमध्ये त्या मशीनला कायमचा आयपी राखून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि ड्राइव्हवर लाल फुली येते. मॅप करताना 'रीकनेक्ट' आणि 'डिफरंट क्रेडेन्शियल्स' या दोन्ही खुणा करा. आधी दुसऱ्या नावाने जोडलेलं असेल तर १२१९ नंबरची एरर येते : एकाच सर्व्हरला एकाच माणसाने दोन नावांनी जायचं नाही. जुनी जोडणी तोडा, मग नवी करा.

४. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद. जुना स्कॅनर रडत असेल तर त्याला यूएसबी केबलने जोडा. एका स्कॅनरसाठी अख्खं ऑफिस उघडं ठेवायचं नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही मालकांच्या कानावर घाला.

५. टॅलीची मशीन केबलने जोडा, वायफायने नाही. मध्येच जोडणी तुटली की डेटा बिघडायची भीती असते.

६. आणि सर्वांत महत्त्वाचं, बॅकअप. रॅन्समवेअर मशीनमध्ये शिरला की झेडही खातो, कारण त्याच्या दृष्टीने सी काय आणि झेड काय, सगळे ड्राइव्हच. म्हणून दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या. एक आज, एक उद्या. काम झालं की डिस्क काढून ठेवायची, आणि एक कायम ऑफिसाबाहेर, मालकांच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातली फाइल उघडून बघायची, नाहीतर तो बॅकअप म्हणजे नुसती श्रद्धा.

आता क्लाउडची जागा सांगतो. रात्री नेट असताना या बॅकअपची एक जास्तीची प्रत, कुलूप लावून, वर जाऊ द्या. तिथे क्लाउड फार कामाचा आहे, आणि जुन्या आवृत्त्या ठेवणारा असेल तर आणखी चांगला. रोजच्या कामासाठी स्विच, संकटासाठी क्लाउड. यात कुणाचा अपमान नाही आणि कुणाचं मागासलेपण नाही.

राहता राहिला शेवटचा आक्षेप. "हे काय इंजिनिअरचं काम आहे का?" मग कुणाचं आहे? पुण्यात आपण अॅक्सेस कंट्रोल, ऑडिट लॉग, लीस्ट प्रिव्हिलेज अशा शब्दांवर प्रेझेंटेशनं देतो. तेच सगळं इथे चार मशीन आणि एका स्विचमध्ये आहे, फक्त पलीकडे कस्टमर म्हणून काका आहेत आणि इनव्हॉइस फाडता येत नाही. एवढ्याने काम हलकं होतं?

असो. दिवाळीला गावी जाल तेव्हा फराळाच्या ताटावर बसून 'क्लाउडवर टाका' म्हणायच्या आधी उठा, मागच्या खोलीत जा, स्विचवरचा हिरवा दिवा लागलाय का बघा. आणि ऑपरेटर ताईंना विचारा, "ताई, तुमच्या नावाचं लॉगिन आहे का?" नसेल तर तिथून सुरू करा.